बर्फातले शिकारी: हे चित्र उदास आहे का?

काचपट्टी

नमस्कार मंडळी. नागपूरच्या इतवारीत आमचं फोटो फ्रेमचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. देवादिकांचे फोटो, लग्नाचे फोटो, पोरांची प्रमाणपत्रं, हे रोजचं काम. गेल्या आठवड्यात धरमपेठेतले एक काका-काकू मोठी छापील प्रत घेऊन आले. मुलगा व्हिएन्नाला शिकतो, त्याने तिथल्या संग्रहालयातून पाठवली. पीटर ब्रूगेल (थोरला) याचं १५६५ सालचं 'बर्फातले शिकारी'. गुंडाळी उघडली आणि दोघांचं दुकानातच सुरू झालं. काका म्हणे, दिवाणखान्यात सोफ्याच्या वर लावू, बघितलं की गार वाटेल. काकू म्हणाल्या, "इतकं उदास चित्र समोर ठेवून मी चहा पिणार नाही." शेवटी माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठ्याचा काठ) आणि पट्टी (बाहेरची चौकट) मी ठरवायची, असं सांगून गेले.

चित्र नेटवर सापडेल, मोठं करून बघा. डावीकडे टेकाडावर तीन शिकारी, आपल्याकडे पाठ करून निघालेले. मागे कुत्र्यांची रांग, माना खाली. काळी, निष्पर्ण झाडं उतारावर एकामागे एक. खाली गाव, दोन गोठलेली तळी, त्यांवर मुंगीएवढी माणसं घसरत खेळताहेत. मधोमध हवेत एक पक्षी.

आता माझी अडचण. बर्फाचं चित्र म्हणून मी सवयीने पांढरा माउंट वर ठेवला, आणि चित्रातला बर्फ एकदम मळकट दिसायला लागला. तेव्हा कळलं की त्यात पांढरा असा रंग जवळजवळ नाहीच, सगळी राखाडी आणि हिरवट छटा आहे. क्रीम ठेवला तर चित्र आजारी दिसतं. काळा ठेवला तर काकूंचं म्हणणं खरं होतं. म्हणजे आधी चित्राचा भाव काय ते ठरवावं लागेल, मगच माउंट. चार दिवस ते टेबलावर पडलंय आणि गिऱ्हाईक नसलं की मी त्याच्याकडेच बघतो. तुम्हाला काय वाटतं? उदास आहे का?

सोनचाफा_सदर

काकूंशी सहमत. माणसांचे चेहरेच दिसत नाहीत. ज्या चित्रात सगळे पाठमोरे, ते मला तरी घरात नको.

पोट्टा_बुटीबोरीचा

मी तं म्हणतो लाव ना सोफ्यावर. मे महिन्यात ४६ डिग्रीत कूलरसमोर बसून पाहिलं तं अर्धं बिल वाचते बाप्पा.

खरेसांगू

इतका विचार कशाला? निसर्गचित्र आहे. हिवाळा आहे, बर्फ आहे, संपलं. उदास की आनंदी हे बघणारा आपल्या मनातून घालतो, चित्रात काही नसतं.

मेपलपान

मी मूळची नागपूरच्या महाल भागातली, गेली अकरा वर्षं कॅनडात. पोट्टा यांना 'गार वाटेल' हे पटतंय, पण बर्फात राहिलेल्या माणसाला हे चित्र गार वाटत नाही, जड वाटतं. शिकाऱ्यांचे पाय बघा. भुसभुशीत बर्फात पाऊल घोट्याच्या वर रुततं, ते उपसून पुढे टाकावं लागतं, अर्ध्या तासात मांड्या भरून येतात. पहिल्या हिवाळ्यात बसथांब्यापासून घरापर्यंतच्या दहा मिनिटांच्या वाटेवर मी दोनदा उभी राहून रडलेय, नुसती दमून. ब्रूगेलने त्यांचं अंग पुढे झुकलेलं काढलंय ना, ते अगदी तसंच.

दुसरं म्हणजे आवाज. ताजा बर्फ आवाज शोषून घेतो. नागपुरात पहाटेच्या धुक्यातसुद्धा दूधवाला, कुकर, देवळातली घंटा ऐकू येते. कॅनडात पहिल्या रात्री खिडकी उघडली तर काहीच नाही. कानात कापूस घातल्यासारखं. हे चित्र बघताना मला ते बंद झालेले कान आठवतात. म्हणून उदास म्हणणार नाही, पण 'गोड' तर मुळीच नाही.

इतिहासवेडा

थोडी माहिती देतो, निर्णयाला उपयोगी पडेल.

हे एकटं चित्र नाही, वर्षाच्या ऋतूंची मालिका होती. त्यातली पाच शिल्लक आहेत: तीन व्हिएन्नात, गवतकापणीचं प्रागमध्ये, गव्हाच्या कापणीचं न्यूयॉर्कला. ॲन्टवर्पच्या निकोलास योंगेलिंक या धनिक व्यापाऱ्याच्या घरासाठी ती काढली होती. म्हणजे काकांचा प्रश्न साडेचारशे वर्षं जुना आहे, हे मुळातच घरात लावायचं चित्र. याच योंगेलिंकने १५६६ मध्ये दुसऱ्याच्या देण्यापोटी आपली ब्रूगेलची १६ चित्रं तारण म्हणून लिहून दिली होती.

१५६४-६५ चा हिवाळा युरोपात फार कडक गेला. हवामानाचे अभ्यासक ज्याला 'लघु हिमयुग' म्हणतात त्या काळातला. आणि ते मागचे टोकदार डोंगर बघा. नेदरलँड्समध्ये असले डोंगर नाहीतच. तरुणपणी इटलीला जाताना ब्रूगेलने आल्प्स ओलांडला होता, तिथले आणून त्याने आपल्या गावामागे उभे केले.

सोनचाफा_सदर

वा, म्हणजे आपल्या अंबाझरी तलावाच्या मागे कळसूबाई.

पोट्टा_बुटीबोरीचा

@सोनचाफा, तसं झालं तं रविवारी अंबाझरीवर गाडी लावायला जागा उरणार नाही.

संत्राबाग

काटोलहून लिहितो. चित्रकलेतलं मला काही कळत नाही, पण काचपट्टी भाऊंनी सांगतलं म्हणून मोबाइलवर मोठं करून पाहिलं. एक सांगा, तीन माणसं, एवढी कुत्री, आणि शिकार किती? एकाच्या खांद्यावरच्या काठीला एक कोल्हा लटकून आहे. बस. कोल्हा कोणी खात नाही. त्यांच्या समोर बर्फात सशाच्या पावलांचे ठसे आहेत, म्हणजे ससा होता आणि निघून गेला.

ही माणसं रिकाम्या हातानं घरी चालली आहेत. माणूस रिकाम्या हातानं घरी कसा चालते हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. मान आपोआप खाली जाते.

आमच्याकडे हिवाळ्यात गव्हाला, हरभऱ्याला पाणी द्यायला लाइन रात्रीची राहते. पाळी आली की रात्री बारा-एकला वावरात जायचं. डिसेंबरात पाय चिखलात, दांडात पाणी बर्फासारखं, हातात बॅटरी. नागपूरला २०१८ च्या डिसेंबरात ३.५ डिग्री झालं होतं ना, २९ तारखेला, त्या आठवड्यातही आम्ही ओलितावरच होतो. पहाटे घरी आलो तं माय चुलीसमोर बसून होती, तिनं काही विचारलं नाही, पितळेच्या गंजात पाणी तापवून पायावर ओतलं. तेवढंच. त्या पाण्यानं बोटं आधी जळल्यासारखी झाली आणि मग कुठं ती आपली वाटायला लागली.

मला चित्रात डावीकडे घरासमोर जाळ दिसला, पिवळा. वाऱ्यानं तिरपा झालेला. माझं लक्ष सारखं तिकडंच जाते. शिकारी मात्र तिकडं पाहत नाहीत.

मेपलपान

संत्राबाग दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

इतिहासवेडा

संत्राबाग यांनी अचूक पकडलं. तो जाळ खाणावळीसमोर आहे, तिथे डुकराचे केस जाळताहेत, हिवाळ्यासाठी मांस साठवायची तयारी. त्या खाणावळीची पाटी एका आकड्यावर लोंबकळतेय, केव्हाही पडेल अशी. पाटीवर हरणापुढे गुडघे टेकलेला संत आहे. शिकाऱ्यांचा संत, आणि त्याच्याच खालून शिकारी कोल्हा घेऊन चाललेत.

निळीशाई

मी चित्रकलेची विद्यार्थिनी होते, आता शाळेत शिकवते. खरेसांगू यांच्याशी वाद घालायचा आहे.

भाव बघणाऱ्याच्या मनात असतो हे अर्धंच खरं. चित्रकार तुमचं मन कुठे न्यायचं याची वाट बांधून ठेवतो. या चित्रात एक गोष्ट शोधा: सावली. शिकाऱ्यांच्या पायाशी, झाडांच्या बुंध्याशी, तळ्यावरच्या पोरांच्या खाली. कुणाचीच सावली पडलेली नाही. आभाळ भरलेलं आहे, सूर्य कुठे आहे ते कळत नाही. त्यामुळे सकाळ आहे की संध्याकाळ, हेही चित्र सांगत नाही. आणि आभाळाचा जो हिरवट राखाडी रंग आहे तोच खाली तळ्यात आहे. वर बघा, खाली बघा, उजेड सारखाच. वेळ थांबल्यासारखी वाटते ती यामुळे.

याच्या शेजारी क्लोद मोनेचं 'ला पी' ठेवा, १८६८-६९ चं. पी म्हणजे मॅगपाय, काळापांढरा पक्षी, लाकडी फाटकावर एकटा बसलाय. तिथेही बर्फ, माणूस तर एकही नाही, पण चित्र हसरं आहे. कारण ऊन आहे. कुंपणाची सावली बर्फावर पडलीय आणि ती निळी आहे. सावलीत थेट ऊन पोचत नाही, नुसता आभाळाचा उजेड पोचतो, म्हणून ती निळी दिसते. त्या वेळच्या पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाने ते चित्र नाकारलं होतं. आज ते ऑर्से संग्रहालयात आहे.

सातवीच्या पोरांना मी हेच करायला लावते. हिवाळ्यात सकाळी आठला मैदानावर पांढरा रुमाल पसरायचा, त्यावर पेन्सिल उभी धरायची आणि सावलीचा रंग सांगायचा. पहिल्या दिवशी सगळे 'काळा' म्हणतात. तिसऱ्या दिवशी एखादी पोरगी हळूच 'मॅडम, निळा' म्हणते. मग वर्गात कोणी काळी सावली रंगवत नाही.

खरेसांगू

निळीशाई, सावलीचं मान्य. आत्ता पुन्हा बघितलं, खरंच नाही कुठे. पण मग तुमच्याच म्हणण्याप्रमाणे ब्रूगेलने भाव उघडा ठेवला ना? तो 'उदास व्हा' म्हणत नाही. वर दमलेले शिकारी, खाली खेळणारी पोरं. दोन्ही एकाच उजेडात. काकूंनी शिकारी बघितले, काकांनी तळं बघितलं. भांडण चित्राचं नाही, कोण कुठे बघतंय याचं आहे.

सोनचाफा_सदर

हे पटलं. मी तळ्यापर्यंत गेलेच नव्हते. आत्ता बघितलं, एक बाई दुसरीला घसरगाडीवर ओढतेय! आणि पुलावरून एक जण काटक्यांचा भारा घेऊन चाललीय, तिला कोणाचं काही पडलेलं नाही.

पौषातली

उशिरा आले. एक वेगळा मुद्दा. आपण बर्फ न बघितलेली माणसं, आपल्याला हे चित्र कळेल का, असा सूर वर आहे. हिरोशिगे या जपानी चित्रकाराचं 'कांबारा, रात्रीचा बर्फ' बघा, १८३३ च्या सुमाराचं, तोकाइदो रस्त्याच्या मुक्कामांच्या मालिकेतलं. काळं आभाळ, गाढ बर्फात तीन वाटसरू, एकाची छत्री अर्धी मिटलेली. गंमत अशी की कांबारा हे समुद्रकाठचं उबदार गाव आहे, तिथे असा बर्फ पडतच नाही म्हणा. तरी त्याने तो पाडला. वाटसरूचा एकटेपणा दाखवायला त्याला बर्फ हवा होता.

आपल्याकडच्या बारामासा चित्रांत उलट आहे. कवी केशवदासाच्या 'कविप्रिया' या ग्रंथावरून पहाडी आणि राजस्थानी चित्रकारांनी बारा महिने काढले. पौषात लोक गच्चीवर ऊन खात बसलेत, अंगाला तेल चोळताहेत, शेगडीभोवती गोळा झालेत. आणि नायिका म्हणते, या महिन्यात घर सोडून जाऊ नका. थंडी म्हणजे जवळ बसायचं निमित्त. आपल्या मनात हिवाळा म्हटलं की हेच असतं: तुरीच्या ओल्या शेंगा, वांग्याचं भरीत, तीळ, हुरडा. म्हणून पाठमोरे शिकारी बघून आपल्याला चुकल्यासारखं होतं. हिवाळ्यात माणसं एकमेकांकडे तोंड करून बसतात, अशी आपली सवय.

पोट्टा_बुटीबोरीचा

भरिताचं नाव काढलं! यंदा कोणाच्या वावरात आहे सांगा, भाकरी मी आणतो.

संत्राबाग

या ना. संत्र्याचा आंब्या बहार तोडणीला आहे. वांगे वावरातलेच, जाळ पऱ्हाटीचा.

सोनचाफा_सदर

विषयाला थोडा फाटा. दर हिवाळ्यात स्वेटर विकायला तिबेटी मंडळी येतात ना, त्यातल्या एका मावशींकडून मी वीस वर्षं स्वेटर घेते. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ त्यांची वसाहत आहे, तिथल्या. एकदा विचारलं, मावशी, तुमच्या तिबेटात बर्फ कसा असतो हो? हसून म्हणाल्या, "मी इथेच जन्मले ताई, मला काय माहीत. आई सांगायची." दुकानात त्यांच्या मागे कापडावर बर्फाच्या डोंगराचं चित्र टांगलेलं असतं. आज हा धागा वाचून वाटलं, ते चित्र त्या कशा बघत असतील? आईचं म्हणून?

मेपलपान

याच्यावरून मनात आलं ते लिहू का? काचपट्टी, काकूंचा मुलगा व्हिएन्नाला आहे म्हणालात. तुम्ही सगळे शिकारी, कोल्हा, सावली बघताय. आईला त्यात काय दिसलं असेल? पोरगा ज्या गावात एकटा राहतो तिथला बर्फ. आणि पाठ करून निघालेली तरुण माणसं. माझी आई मी पाठवलेला बर्फाचा एकही फोटो फ्रिजवर लावत नाही. घरातला, जेवणाच्या ताटाचा फोटो पाठवला की लावते.

खरेसांगू

हा विचार मी केला नव्हता. माझं 'इतका विचार कशाला' मागे घेतो.

निळीशाई

काचपट्टी, मग माउंटचं सांगते. पांढरा नकोच. चित्रातला सगळ्यात उजळ भाग ज्या रंगाचा आहे त्याहून उजळ माउंट कधी लावू नये, चित्र मळतं. तळ्याच्या बर्फाचा हिरवट राख रंग उचला, त्याच्यापेक्षा किंचित गडद. पट्टी बारीक, झाडाच्या खोडासारखी गडद तपकिरी. सोनेरी अजिबात नको, त्या जाळाचा पिवळा मरेल. सबंध चित्रात ऊब तेवढीच आहे.

संत्राबाग

हे बरोबर. जाळ मरू देऊ नका.

इतिहासवेडा

आणखी एक, कुणाच्या नजरेला आलंय का बघा. मधल्या अंतरावर, तळ्याच्या पलीकडे, एका घराच्या धुराड्याला आग लागलीय. अगदी नखाएवढं. माणसं शिडी घेऊन धावताहेत.

पोट्टा_बुटीबोरीचा

दिसलं! दहा मिनिटं शोधलं. एवढ्या थंडीत आग लागली आणि बाकीचे मस्त खेळून रायले, त्यांना पत्ताच नाही.

काचपट्टी

मंडळी, चार दिवस उत्तर देता आलं नाही, लग्नसराईची गर्दी होती. पण सगळं वाचत होतो. काय झालं ते सांगतो.

मेपलपान यांचा प्रतिसाद वाचून मी काकूंना फोन केला, म्हटलं माउंटचे तुकडे दाखवायचेत, एकदा येऊन जा. काल दुपारी एकट्याच आल्या. निळीशाई यांनी सांगितलेला हिरवट राखेचा तुकडा कोपऱ्यावर ठेवला. खरंच, बर्फ निवळला. मळ गेला. काकू काही बोलल्या नाहीत.

मग मी वडिलांचं भिंग काढलं. जुने फोटो दुरुस्त करताना ते वापरायचे, पितळी कड्याचं आहे. काकूंना म्हटलं, शिकारी सोडा, खाली बघा. त्या वाकल्या ते चांगली पंधरा-वीस मिनिटं. आधी तळं बघितलं, भोवरा फिरवणारी पोरं, एक आपटलेला. मग सोनचाफा यांची घसरगाडीवाली बाई. काटक्यांचा भारा. उजवीकडची पाणचक्की, तिच्या चाकाला लोंबणारा बर्फ. धुराड्याची आग मी मुद्दाम सांगितली नाही, ती त्यांनी स्वतः शोधली. "अहो, इथे आग लागलीय," म्हणाल्या, आणि लगेच, "बरं झालं, माणसं आलीत शिडी घेऊन."

मग भिंग खाली ठेवलं आणि म्हणाल्या, तो फोनवर सांगत असतो की खालच्या मजल्यावरची म्हातारी त्याला सूप आणून देते. मला वाटायचं, माझं मन राखायला सांगतो.

खरेसांगू, तुम्ही विचाराल की मग उदास आहे का. मी विचारलं नाही. वरचे शिकारी अजून तसेच आहेत, संत्राबाग दादा म्हणतात तसे, मान खाली घालून. ते मला रोज दिसतात.

ठरलं ते असं. सोफ्यावर नाही. स्वयंपाकघरात जायच्या बोळकांडीत, डोळ्यांच्या उंचीवर, जिथे जवळ उभं राहता येतं. माउंट हिरवट राख, अडीच इंची. पट्टी पाऊण इंची, गडद तपकिरी. काचेचा प्रश्न राहिला होता. बोळकांडीत समोर ट्यूबलाइट आहे, म्हणून मी चकाकी न मारणारी खरबरीत काच सुचवली. काकूंनी तिचा तुकडा चित्रावर धरायला लावला, माउंटच्या जाडीएवढा वर उचलून. त्या काचेतून तळ्यावरची माणसं धूसर होतात.

"साधी टाका," म्हणाल्या. "ट्यूबलाइट मी हलवून घेते."